उपासातली अंडी

२ मार्च, राखेचा बुधवार

झालं! नाव जाहीर झालं — माझं!

राख लावताना मास्टर ओदोंनी माझ्या कपाळावर अंगठा टेकवला, "माती आहेस, मातीत जाशील" म्हणाले, आणि त्याच दमात पुढे, "आणि तेवीस तारखेला सभेत उत्तरं तू देणार आहेस, एव्रार." मागे सगळी रांग खोळंबलेली आणि मी आपला तोंड उघडं टाकून उभा. शेवटी मास्टरांनीच बाजूला ढकललं.

‘कुणीही, काहीही’ सभा! वर्षातून दोनदा भरते आणि दोन्ही वेळा पॅरिसमधल्या निम्म्या पंडितांचा घसा कोरडा पाडते. दारातून आत आलेला कुठलाही विद्वान उठून काहीही विचारू शकतो. देवदूताला बसायला जागा लागते का? धर्मयुद्धाला निघालेल्यानं बायकोची परवानगी घ्यावी का? शिष्यानं उभ्या उभ्या उत्तरं द्यायची आणि काही दिवसांनी मास्टर त्याच प्रश्नांवर अखेरचा निकाल सांगणार. नीट पार पडलो तर मास्टर माझं नाव चॅन्सेलरकडे पाठवतील. शिकवण्याचा परवाना! नाही पडलो तर नॉयाँजवळ आमचे काका म्हातारे झालेत, त्यांचं गावचं चर्च माझी वाट बघतंय. चर्च, चिखल आणि बदकं. चौतिशीत आलो तरी मी बदकांना घाबरतो.

खोलीतला सोबती गोस्विन म्हणाला, "काळजी करू नकोस. तू आडवा झालास तर तुझ्या जागी मी आहेच." फ्लँडर्समध्ये याला धीर देणं म्हणतात वाटतं.

४ मार्च, शुक्रवार

वाटाणे.

५ मार्च, शनिवार

पुन्हा वाटाणे. आज त्यातून एखादा हेरिंग मासा पोहून गेला असावा. नुसता वास होता.

पेरोनेलबाईंच्या कोंबड्यांना मात्र उपास कुणी सांगितलेला नाही. आम्हाला ईस्टरपर्यंत मांस नाही, लोणी नाही, अंडं नाही — आणि या बयांना घालायला हाच मुहूर्त सापडतो! रोज टोपलीभर. पेरोनेलबाई ती अंडी मोठ्या मडक्यात राखेत पुरून ठेवतात. पेरोनेलबाई म्हणजे आमच्या घराच्या स्वयंपाकीण. विधवा, पन्नाशीच्या, आवाज नोत्र-दामच्या घंटेला भारी. त्या मडक्यासमोरून जाताना आम्ही सगळे गरीब धर्मविद्यार्थी पाऊल जरा हळू टाकतो. बाई पळी दाखवतात. "नजरेनंही उपास मोडतो हं!"

७ मार्च, सोमवार

तपकिरी कोंबडी खुडूक झाली. बाईंनी तिच्याखाली आज अंडी ठेवली. स्वतः जागची हलत नाही आणि दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाही, म्हणून तिला ‘मठाबाई’ म्हणतात. मीही टोच खाल्ली.

आणि टोच खाता खाताच डोक्यात आलं. पुस्तकांच्या नकला करणाऱ्या दुकानातून भाड्यानं आणलेले त्या जुन्या तत्त्वज्ञाचे, ग्रीक म्हाताऱ्याचे, ताव माझ्याकडे आहेत — प्राण्यांबद्दलचे. त्यात तो म्हणतो, अंडं उबायला ठेवलं की तीन दिवस-रात्री उलटल्यावर पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो, आणि तो ठिपका उड्या मारतो. आमच्याकडे गल्लोगल्ली या ग्रीकाचं नाव घेऊन भांडणं होतात. पण हा ठिपका कुणी बघितलाय? मी तरी अजून असा माणूस भेटलेला नाही!

८ मार्च, मंगळवार

मास्टरांना विचारलं, सभेत ग्रीकाचा दाखला दिला तर चालेल का. ते जेवत होते. चमचा खाली ठेवला.

"कुठला ग्रीक?"

जसे काही पॅरिसमध्ये दहा ग्रीक फिरतात! मग म्हणाले, "तो बाप्तिस्मा न घेतलेला? तर्क शिकायला वाच, मी अडवत नाही. पण देवाच्या सभेत कोंबड्या-कुत्र्यांच्या साक्षी आणू नकोस. आपल्याला शास्त्र आहे, संत आहेत. त्यांचं संपलंय का सांगून?"

मास्टर तरुण होते तेव्हा निसर्गावरची ही पुस्तकं या शहरात शिकवायला बंदी होती. मास्टर आज्ञाधारक. शहरातली बंदी केव्हाच विरली, आता तर कला शाखेतल्या मिसरूड न फुटलेल्या पोरांनाही ती वाचावीच लागतात, पण मास्टरांच्या आतली बंदी तशीच आहे. माणूस लाखात एक. गोल, प्रेमळ, खाण्याचा शौकीन आणि खांबासारखा हट्टी.

"कोंबडी मला एकाच रूपात कळते," म्हणाले, "आणि त्या रूपात ती ईस्टरशिवाय भेटणार नाही."

९ मार्च, बुधवार

एक अंडं काढलं. रुंद टोकाकडून टरफलाचा वाटोळा तुकडा अलगद उचलला. काहीच नाही. उतावळेपणा नडला.

११ मार्च, शुक्रवार

उडतो!! ठिपका उडतो!

खिडकीपाशी उन्हात धरून बघितलं. मोहरीएवढा. लाल. आहे — नाही — आहे — नाही. माझ्या हातात टरफल आणि त्यात तो आपल्या नादात उड्या मारतोय. मी मोठ्यानं हसलो.  हजार-दीड हजार वर्षांपूर्वी कुठल्या तरी समुद्रकाठी बसून एका माणसानं हेच बघितलं आणि लिहून ठेवलं. त्याला आपला देव माहीत नव्हता. पण देवाचं काम त्यानं आपल्या सगळ्यांपेक्षा जवळून बघितलं!

थोड्या वेळानं उडी मंदावली आणि थांबली. आतलं मांजरीला घातलं. तिला उपास नाही.

१२ मार्च, सेंट ग्रेगरीचा दिवस

आणखी एक. ठिपक्यापासून दोन लाल रेषा फुटल्यात. मांजर आता माझ्या मागे मागेच असते.

१४ मार्च, सोमवार

सत्यानाश.

सकाळी पेरोनेलबाईंनी मठाबाईला उचलून खाली बघितलं आणि अंडी कमी भरली. मग त्या वर आल्या. थेट माझ्या गवताच्या गादीपाशी. टरफलं मी गादीत खुपसून ठेवली होती! (बाहेर टाकली तर कुणाला दिसतील म्हणून. याला म्हणतात पंडिताची अक्कल.)

"अंडीचोर!" पेरोनेलबाई ओरडल्या. सेन नदीच्या पलीकडे ऐकू गेलं असेल. "मोठ्या उपासात! खुडूक कोंबडीच्या पोटाखालची! कच्ची!"

"खाल्ली नाहीत हो बाई! बघितली फक्त!"

"काय बघितलंस?"

"आत काय आहे ते."

"अंड्यात काय असतं ते तुला ठाऊक नव्हतं? चौतीस वर्षांचा घोडा!"

सगळं घर जिन्यात जमलं. जगाच्या पाठीवर कुणी अंडं नुसतं बघायला फोडत नाही, हे सगळ्यांना पटलेलं. मी म्हटलं, मांजरीला विचारा. पुष्कळ हशा झाला. मांजर तेवढ्यात येऊन माझ्या पायाला अंग घासायला लागली, तिचं पोट बघून गोस्विन म्हणाला, "साक्षीदार फितवलेला दिसतोय."

मास्टर आले. हसले नाहीत. उपास मोडणाऱ्याला या घरात जागा नाही, नियमच आहे. तूर्त भाकरी आणि पाणी. सभेत मी उभा राहायचं की गोस्विननं, ते सेंट बेनेडिक्टच्या दिवशी, म्हणजे एकवीस तारखेला सांगणार.

वाटाण्यांची आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

१५ मार्च, मंगळवार

सकाळी स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "बाई, मठाबाईखालचं एकच द्या. तुमच्यासमोर उघडतो. खाल्लं तर पळीनं बडवा."

"बडवीनच," म्हणाल्या. पण दिलं.

चुलीजवळ, उबेला, उघडलं. आता नुसता ठिपका राहिलेला नाही. वाकलेलं इवलंसं काहीतरी, डोक्याला दोन काळे डोळे, आणि मधे ती उडी. बाई वाकल्या. मी मोठ्या ऐटीत ग्रीकाचं सगळं सांगायला लागलो — आधी हृदय होतं, मग बाकीचं. बाईंनी मला गप्प केलं नाही. हेच विचित्र होतं.

"याला जीव कधी आला?" त्यांनी विचारलं.

मी पुस्तकातलं सांगितलं. आधी झाडासारखा जीव असतो, नुसता वाढतो. मग प्राण्यासारखा, हलतो, त्याला दुखतं-खुपतं. माणसाच्या बाबतीत त्यानंतर, शरीर तयार झालं की, देव स्वतः आत्मा घालतो. एकदम नाही, पायरीपायरीनं.

"आणि त्याच्या आधीच गेलं तर?"

"काय गेलं तर?"

त्या टरफलाकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "माझं गेलं होतं. नवरा होता तेव्हा. तिसरा महिना असेल, नसेल. पाद्री म्हणाला, बाप्तिस्मा नाही, चर्चच्या आवारात जागा नाही. तेव्हा या भिंतीजवळ पुरलं, त्या नाशपातीखाली. हा मळा तेव्हा आमचा होता. पुढे तो मळा हातचा गेला आणि तुमचं हे घर उठलं. मी इथं कामाला का राहिले, तुला काय वाटतं? तुमच्या वाटाण्यांसाठी?"

मी टरफल अलगद चुलीच्या कडेला ठेवलं.

"इतकी वर्षं तुम्हा शिकलेल्यांना जेवायला घालते," पेरोनेलबाई म्हणाल्या. "वर दिवसभर भांडता. देवदूत बसतो कसा, उठतो कसा. माझं एवढंच सांगा. ते कुठं आहे? अंधारात बसलंय का एकटं?"

मी म्हटलं, मला विचार करू द्या. भाकरीवर त्यांनी गपचूप मीठ घातलं.

१६ मार्च, बुधवार

सगळे ताव चाळले. संत काय म्हणतात, ग्रीक काय म्हणतो. ग्रीक जीव यायचे दिवस मोजतो — मुलगा असेल तर इतके, मुलगी असेल तर तितके. बाईंना दिवस ठाऊक नाहीत.

मला सभेत उभं राहायचंय. आता परवान्यासाठी नाही (बरं — परवान्यासाठीसुद्धा). बाईंना सभेत पाऊल ठेवता येत नाही, पण प्रश्नाला येतं! आणि एकदा सभेत विचारला की मास्टरांना निकाल द्यावाच लागतो. टाळता येत नाही, नियम आहे. मी उत्तर देणारा, म्हणजे मला विचारता येणार नाही. दुसऱ्या कुणी विचारायला हवं.

गोस्विनला सांगितलं. सगळं. तो बराच वेळ नाक खाजवत बसला.

"म्हणजे उत्तर देणारा तू, आणि मी तुला सोयीचा प्रश्न टाकायचा? तुझी जागा मला हवी असताना?"

"हो."

"निर्लज्ज आहेस."

"विचारशील?"

"विचारीन. पण सोयीचा करून नाही."

१७ मार्च, गुरुवार

पेरोनेलबाई मास्टरांच्या खोलीत गेल्या. दार लावून! असं आजवर झालेलं नाही. खिडकीतून दिसलं, बाई मळ्याकडे हात करून काही सांगत होत्या आणि मास्टर खुर्चीत पुढे वाकून ऐकत होते. हातातली ब्रेड तशीच. मास्टर आणि हातात तशीच ब्रेड!

बाहेर येऊन बाई मला म्हणाल्या, "मी सांगितलं त्यांना. तू खाल्लं नाहीस म्हणून."

"एवढंच?"

"तू वाटाणे खा."

वाटाणे मिळाले! उत्तम होते.

१८ मार्च, शुक्रवार

मास्टरांना म्हटलं, एकदा स्वतः बघा ना. एकच अंडं. ते म्हणाले, "मी साठी ओलांडली, एव्रार. मला कोंबडीच्या शाळेत घालू नकोस." आणि मोठ्यानं हसले. विषय संपला.

२० मार्च, रविवार

आणखी एक अंडं गेलं! मठाबाईखालचंच. पेरोनेलबाई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी आईची शपथ घेतली, काकांची घेतली, बदकांचीही घेतली असती. शेवटी त्यांनी गोस्विनकडे मोर्चा वळवला. त्याची गादी उसवली. त्यात फ्लँडर्सचं चीज निघालं — उपासात! आता तो भाकरी-पाण्यावर. देव न्यायी आहे.

२१ मार्च, सेंट बेनेडिक्टचा दिवस

मीच उभा राहणार! मास्टर फक्त म्हणाले, "बघितलंयस ना तू? मग बघितलं ते बोल. बघितलं नाही ते बोलू नकोस."

हे कोंबड्यांच्या साक्षी नको म्हणणारे मास्टर? मी खुलासा विचारायच्या आत निघून गेले.

पेरोनेलबाई म्हणतात, आज अजून एक गेलं. "या घरात सगळेच अंडीचोर," म्हणाल्या, पण आरडाओरडा नाही. थकल्या असाव्यात.

२३ मार्च, बुधवार

 लिहून काढतो.

सभागृह खच्चून भरलं होतं. मी उभा राहिलो तर मागच्या बाकावरून कुणीतरी कोंबड्यासारखं आरवलं. बातमी नदीपलीकडेही गेली होती तर! हशा झाला. मीही हसलो, दुसरं काय करणार?

पहिले प्रश्न बरे गेले. देवदूताला जागा लागत नाही, पण तो काम करतो तिथं असतो. धर्मयुद्धवाल्यानं बायकोला विचारावं (इथं लग्न झालेलं कुणीच नव्हतं, तरी सगळ्यांना ठाम मतं होती). मग गोस्विन उठला. भाकरी-पाण्यानं गाल बसलेले, डोळ्यांत चमक.

"आईच्या पोटात आरंभीच्या दिवसांत जे जातं," तो म्हणाला, "त्याच्याबरोबर एक आत्मा हरवतो की नाही? हरवत असेल तर तो कुठं जातो? नसेल तर आई कुणासाठी रडते?"

हलकट! सोयीचा करून नाही म्हणाला होता, खरंच नाही केला.

मी सांगायला सुरुवात केली. म्हटलं, अंडं हे कोंबडी नाही, पण दगडही नाही. ते कोंबडी होऊ घातलेलं आहे. ग्रीक म्हाताऱ्यानं आपल्याला ‘होऊ घातलेलं’ हा एक शब्द दिला आणि त्यावाचून आता आपलं पानही हलत नाही. मी मास्टर होऊ घातलेला आहे. आज पडलो तर एक मास्टर मेला असं कुणी म्हणणार नाही. (हशा.) शरीर तयार होतं, पायरीपायरीनं, आणि मग देव आत्मा देतो. त्याआधी जे जातं त्यात हरवायला अजून कुणी आलेलंच नसतं.

लगेच एक काळ्या झग्यातला उठला. "परवा मेरीमातेला निरोप आला तो सण. आपला प्रभूही पायरीपायरीनं आला का?"

हे येणार हे ठाऊक होतं. म्हटलं, नाही, तो एकच पहिल्या क्षणापासून पूर्ण. त्याचा चमत्कार तो हाच. सगळेच तसे असते तर चमत्कार कसला?

माना डोलल्या. मास्टरांचीही. आणि मी आता बसणार, एवढ्यात गोस्विन पुन्हा उठला.

"तू म्हणतोस तो ठिपका तू स्वतः बघितलास?"

"बघितला."

"आत्मा यायच्या आधीच तो उडतो?"

"उडतो."

"मग उडतं कोण?"

 पुस्तकातली चार उत्तरं माझ्या जिभेवर होती, चारही नीट बांधलेली. पण मास्टर म्हणाले होते, बघितलं नाही ते बोलू नकोस. आणि डोळ्यांसमोर तोच आला — मोहरीएवढा, आहे, नाही, आहे.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

‘कुणीही, काहीही’ सभेत! उत्तर देणाऱ्यानं! आधी कुणाला ऐकल्यासारखंच वाटलं नाही. मग कुजबुज सुरू झाली. मी खाली बसलो. मास्टरांकडे बघायची छाती झाली नाही.

घरी येताना गोस्विन माझ्याशेजारून चालला. "मला वाटलं होतं तुझ्याकडे उत्तर असेल," म्हणाला. "खरंच वाटलं होतं." पहिल्यांदाच त्याचा चेहरा पडलेला दिसला.

बदकांशी आता जुळवून घ्यायला हवं.

२५ मार्च, मेरीमातेच्या निरोपाचा सण

मास्टर कालपासून खोलीबाहेर आलेले नाहीत. दुपारी पेरोनेलबाईंनी वाटाणे नेऊन दिले, तसेच परत आले. मग पुन्हा ‘एक अंडं कमी’ असं पुटपुटत होत्या. मला आता कशात रस नाही.

२६ मार्च, शनिवार

निकालाचा दिवस. सगळं जसं झालं तसं लिहितो, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही.

मास्टर आसनावर बसले. पेरोनेलबाई दाराबाहेर उभ्या होत्या. हातात मास्टरांचा लोकरी झगा, म्हणे थंडी आहे म्हणून आणला. थंडी नव्हती. दारवान हाकलत होता, बाई हलत नव्हत्या. मठाबाईकडूनच शिकल्यात.

देवदूत, धर्मयुद्ध, बाकी सगळं मास्टरांनी भराभर उरकलं. मग गोस्विनच्या प्रश्नाशी आले.

"माझ्या शिष्यानं ग्रीकाचा दाखला दिला," म्हणाले. "मी त्याला बजावलं होतं, देऊ नकोस. चूक माझी होती. देवानं अंडं केलं आणि ग्रीकानं ते बघितलं. बघणाऱ्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता म्हणून अंडं खोटं ठरत नाही. शिष्याचं उत्तर मी कायम करतो."

सभागृहात चुळबुळ. माझ्या कानात घंटा वाजायला लागल्या.

"तो असंही म्हणाला की मला माहीत नाही. तेही कायम करतो. दहाव्या दिवशी त्या जिवाचा डोळा सगळ्या अंगापेक्षा मोठा असतो. टरफल उघडून धरलं की गारव्यानं उडी मंद होते, थांबायला येते. आणि हलकेच फुंकर घातली की पुन्हा सुरू होते. असं कोण करतं, हे मलाही माहीत नाही."

डोळ्याचं ग्रीकानं लिहिलंय. पण फुंकर? माझ्या तावांत कुठंच नाही! गोस्विननं मला कोपर मारलं, "म्हातारा गुपचूप ग्रीक वाचतो!"

आणि मग मास्टरांनी लॅटिन सोडलं. या सभागृहात, आसनावरून! साध्या आपल्या बोलीत, बाजारात बोलतात तशा, दाराकडे तोंड करून म्हणाले, "प्रश्न लॅटिनमध्ये आलेला नव्हता, तेव्हा उत्तरही देत नाही. बाई, जे अजून कुणी झालंच नव्हतं, ते हरवलेलं नाही. ते अंधारात बसलेलं नाही. कुणाची वाट बघत नाही, कुणावर रुसलेलं नाही. दिवस किती झाले होते ते मला ठाऊक नाही. देवाला ठाऊक आहे, आणि दिवस मोजण्यात तो चिक्कू नाही. जी उडी होती ती त्याच्या हातातली होती. ती त्याच्याकडेच आहे. मी एवढंच सांगू शकतो, आणि हे मी निकाल म्हणून सांगतो."

 दारात पेरोनेलबाई झगा छातीशी धरून उभ्या होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या.

एवढंच. मग घरी जाऊन त्यांनी वाटाणे करपवले. पहिल्यांदाच. आम्ही सगळ्यांनी ताट पुसून खाल्ले.

२८ मार्च, सोमवार

मठाबाईची पिल्लं निघाली! पाच. चिवचिवाट नुसता. एकाचं नाव पेरोनेलबाईंनी ‘एव्रार’ ठेवलंय, कारण त्याला कशातच चोच घातल्याशिवाय राहवत नाही.

आणि मास्टरांनी माझं नाव चॅन्सेलरकडे पाठवलं!!! गोस्विननं मला मिठी मारली आणि लगेच विचारलं, पुढच्या वेळी मी ना? तूच, म्हटलं. प्रश्न मी विचारणार.

१७ एप्रिल, ईस्टर

येशू उठला आणि राखेतली अंडी बाहेर आली! तळलेली, उकडलेली, कांदा घातलेली. गोस्विननं किती खाल्ली ते मोजणं सोडून दिलं. मीही भरपूर खाल्ली. थोडा संकोच वाटला, पहिल्या दोन अंड्यांपुरता. मास्टरांनी मात्र एकालाही हात लावला नाही. पोट बरं नाही म्हणाले. मास्टर ओदोंचं पोट! ईस्टरला!

१८ एप्रिल, सोमवार

पेरोनेलबाईंनी मळ्यात बोलावलं. भिंतीजवळच्या नाशपातीखाली दोन काड्यांचा बोटभर क्रूस रोवलेला होता. त्यांनी रोवलेला नाही. माती हलकेच बाजूला केली तर तीन अंडी निघाली, शेजारी शेजारी. रुंद टोकाकडून अलगद उघडलेली, आतलं आतच ठेवून पुन्हा बंद केलेली, मास्टरांच्या शिक्क्याच्या लाल मेणानं.

बाईंनी माती परत लोटली आणि हातानं थापली. मी माझी मांजरीला घातली होती.